गावाच्या मालकीची पवनचक्की : यशाच्या अटी

(गेवराई तालुक्यातील शेतकरी व गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्या अभ्यासासाठी)

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या पठारावर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्यांचे उंच मनोरे उभे राहिले आहेत. गेवराई तालुका त्याच्या उत्तरेस, गोदावरीच्या खोऱ्यात वसलेला आहे. येथील जमीन सखल व काळी असून कापूस, तूर, बाजरी व कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस ही येथील मुख्य पिके होत. कामानिमित्त बीडच्या पलीकडे घाट चढून जाणारा येथील शेतकरी ती फिरणारी पाती पाहतो आणि त्याच्या मनात साहजिकच एक प्रश्न येतो. वारा शिवारावरून वाहतो, मनोरा शेतकऱ्याच्या जमिनीत उभा राहतो, मग विजेचे उत्पन्न मात्र बाहेर का जावे? गावाने किंवा दहा गावांनी मिळून स्वतःची पवनचक्की का उभारू नये?

प्रश्न योग्य आहे व त्याचे उत्तर ‘उभारता येईल’ असेच आहे. तथापि ही गोष्ट विहिरीवर पंप बसविण्याइतकी सोपी नाही. आजच्या एका मोठ्या यंत्राची किंमत कित्येक कोटी रुपये असते. ते कर्ज काढूनच घ्यावे लागते आणि हिशेब चुकल्यास यंत्र मोडीत निघाले तरी कर्ज गावाच्या मानेवर राहते. म्हणून जेथे गावांनी व सहकारी संस्थांनी असे प्रकल्प यशस्वी केले तेथे नेमके काय केले, आणि जेथे सहकारी वीजसंस्था अडचणीत आली तेथे काय राहून गेले, याचा अभ्यास आधी करणे इष्ट होय. या अभ्यासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. यंत्र बहुधा चालतेच. प्रकल्प टिकतो की मोडतो हे मालकी, वसुली, देखभाल व हिशेब या चार गोष्टी मनोरा उभारण्यापूर्वी कशा ठरविल्या यावर अवलंबून असते.

१. वाऱ्याचे मोजमाप

वाऱ्यातून मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट न होता आठपट होते. उलटपक्षी, वेग एक-दशांशाने कमी झाला तर शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते. सेकंदास ६ मीटर वेगाच्या वाऱ्यापेक्षा साडेसात मीटर वेगाच्या वाऱ्यात जवळजवळ दुप्पट शक्ती असते. अंगणात उभ्या असलेल्या माणसास या दोन वाऱ्यांतील फरक फारसा जाणवणार नाही, परंतु कर्जाच्या हप्त्याला तो जाणवतो.

म्हणूनच ‘आमच्या माळावर वारा फार आहे’ या सांगण्यावर कोणताही निर्णय घेऊ नये. यंत्राचा कणा ज्या उंचीवर राहणार असेल त्या उंचीच्या जवळपास मापनयंत्र लावून किमान एक वर्षभर नोंदी घ्याव्या लागतात. चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशाचे वाऱ्याचे नकाशे तयार केले आहेत. राज्यात या विषयाचे काम महाऊर्जा ही शासकीय संस्था पाहते. नकाशा पाहून जागा निवडावी व मापन करून तिची खात्री करावी, असा क्रम आहे. नकाशा मापनाची जागा घेऊ शकत नाही.

एका साध्या हिशेबाने हा मुद्दा स्पष्ट होईल. १ मेगावॅट क्षमतेचे यंत्र वर्षभर अहोरात्र पूर्ण शक्तीने चालले तर ८७.६ लाख युनिट वीज देईल. परंतु वारा सतत सारखा नसतो. समजा, ते आपल्या क्षमतेच्या २५ टक्के काम करील असा अंदाज धरला, तर वर्षाला २१.९ लाख युनिट मिळतील. उदाहरणापुरती युनिटची किंमत ४ रुपये धरल्यास ८७.६ लाख रुपये होतात. आता प्रत्यक्षात २० टक्केच काम झाले तर १७.५२ लाख युनिट व ७०.०८ लाख रुपये मिळतील. म्हणजे दरवर्षी साडेसतरा लाखांची तूट येईल. बँकेचा हप्ता मात्र तितकाच राहील. मापनाचा खर्च या एका वर्षाच्या तुटीपुढे किरकोळ आहे, हे ध्यानात घ्यावे.

२. वाऱ्याचा हंगाम आणि विजेची गरज

महाराष्ट्राच्या पठारावर वाऱ्याचा खरा जोर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे साधारणतः जून ते ऑगस्ट या महिन्यांत असतो. वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा याच काळात पदरात पडतो. हिवाळ्यात वारा मंदावतो. गेवराईच्या शेतकऱ्याची विजेची निकड मात्र याच्या नेमकी उलट असते. रब्बीचे व उसाचे पाणी द्यावयाचे ते कार्तिकापासून पुढे. त्यामुळे पवनचक्कीची तार थेट पंपाला जोडून शेती भिजेल अशी कल्पना कोणी करून घेतली असल्यास ती सोडून द्यावी. वीज आधी जाळ्यात सोडून तिचा हिशेब बिलात मिळविणे हाच व्यवहार्य मार्ग होय.

येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. हा हिशेब कोणत्या बिलात मिळवावयाचा? राज्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना लागू झाली. ज्या बिलाचा भार शेतकऱ्यावर पडतच नाही, ते बिल पवनचक्कीने कमी करून गावाच्या हाती काही येत नाही. म्हणून जेथे वीज पूर्ण दराने घ्यावी लागते तेथेच स्वतःच्या विजेचा खरा लाभ होतो. ग्रामपंचायतीची पाणीपुरवठा योजना, रस्त्यावरील दिवे, पिठाच्या गिरण्या, दूध थंड करण्याची केंद्रे, सरकी काढण्याचे कारखाने, ही अशी ठिकाणे होत. गावाने आपल्या सर्व सार्वजनिक व व्यावसायिक जोडण्यांची वर्षभराची बिले गोळा करून महिनावार बेरीज काढावी. आपणास किती युनिट लागतात व कोणत्या महिन्यात, हे त्यावरून कळते. यंत्राचा आकार त्यानंतर ठरवावयाचा असतो.

३. ओडंतुराई ग्रामपंचायतीचे उदाहरण

तामिळनाडूत कोईमतूर जिल्ह्यात मेट्टुपालयमजवळ ओडंतुराई नावाची ग्रामपंचायत आहे. या ग्रामपंचायतीने २००६ मध्ये ३५० किलोवॅट क्षमतेची पवनचक्की विकत घेतली. किंमत सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये होती. त्यांपैकी सुमारे ४० लाख रुपये ग्रामपंचायतीने स्वतःच्या शिलकीतून घातले व उरलेली रक्कम बँकेकडून कर्जाऊ घेतली. यंत्रापासून वर्षाला सुमारे पावणेसात लाख युनिट वीज मिळू लागली. गावाची गरज सुमारे साडेचार लाख युनिटांची होती. उरलेली वीज तेथील वीज मंडळास विकून कर्ज फेडण्यात आले.

या उदाहरणातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, हे यंत्र ओडंतुराईच्या शिवारात नाहीच. ते सुमारे शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर, उडुमलपेटजवळ मैवाडी येथे, जेथे वारा चांगला आहे तेथे उभे आहे. आपल्या वेशीवर मनोरा दिसावा हा हट्ट गावाने धरला नाही. जेथे वारा तेथे यंत्र आणि जेथे गरज तेथे बिलात सवलत, असा व्यवहार त्यांनी पत्करला.

दुसरी गोष्ट म्हणजे एकदम कोटीच्या कामात उडी घेण्यापूर्वी या ग्रामपंचायतीने लहान कामांचा अनुभव घेतला होता. पाणी उपसण्याच्या विजेचे बिल वाढत चालले तेव्हा तिने लाकडाच्या टाकाऊ मालापासून वायू तयार करून त्यावर चालणारे ९ किलोवॅटचे छोटे वीजयंत्र बसविले. यंत्र चालविणे, इंधन पुरविणे व नोंदी ठेवणे यांची सवय गावाला त्यातून लागली.

तिसरी गोष्ट स्वतःच्या पैशाची. एकूण किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम गावाच्या शिलकीतून आली. शिल्लक पडण्याइतकी वसुली व काटकसर ज्या ग्रामपंचायतीत होती, तिलाच बँकेने उभे केले. घरपट्टी व पाणीपट्टी निम्मीही वसूल होत नाही अशा गावाने पवनचक्कीचा ठराव करण्यापूर्वी वसुलीचा ठराव करावा.

४. डेन्मार्कमधील भागधारक शेतकरी

वाऱ्यापासून वीज करण्यात डेन्मार्क हा लहानसा देश जगात अग्रेसर समजला जातो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथील शेतकऱ्यांनी व गावकऱ्यांनी एकत्र येऊन पवनचक्क्या घेण्यास प्रारंभ केला. कोपनहेगन शहरासमोरच्या समुद्रात सन २००० मध्ये प्रत्येकी २ मेगावॅटची २० यंत्रे उभारण्यात आली. त्यांपैकी १० यंत्रे एका सहकारी संस्थेची होती. या संस्थेने ४०,५०० भाग काढले व सुमारे ८,५०० सभासदांनी ते घेतले. एक भाग म्हणजे वर्षाला १,००० युनिट वीज, असे साधे माप ठेवल्यामुळे आपण काय विकत घेतो हे सामान्य कुटुंबासही समजले.

त्याच देशातील सामसो हे सुमारे चार हजार वस्तीचे शेतीप्रधान बेट. १९९७ मध्ये एका शासकीय स्पर्धेत या बेटाची निवड झाली आणि पुढील काही वर्षांत तेथे जमिनीवर ११ व समुद्रात १० यंत्रे उभी राहिली. त्यांची मालकी शेतकरी, भागधारक कुटुंबे व स्थानिक नगरपालिका यांच्यात वाटली गेली. प्रारंभी तेथेही लोक साशंक होते. बैठकांमागून बैठका झाल्या, शंका ऐकून घेतल्या गेल्या, आणि ज्याच्या घरातून मनोरा दिसतो त्याला त्यात भाग घेण्याची संधी मिळाली. २००८ च्या डॅनिश कायद्याने तर नव्या प्रकल्पातील किमान २० टक्के भाग आसपासच्या रहिवाशांस देऊ करण्याचे बंधन प्रकल्प उभारणाऱ्यावर घातले होते व साडेचार किलोमीटरांच्या आतील रहिवाशांस त्यात अग्रहक्क ठेवला होता. हे बंधन पुढे २०२० मध्ये बदलण्यात आले. परंतु त्यामागील विचार विसरण्याजोगा नाही. आवाज, सावली व वाहनांची धूळ ज्याने सोसावयाची त्याच्याच खिशात काही पडले नाही, तर तो शेजारी प्रकल्पाचा मित्र कसा राहील?

महाराष्ट्रातील पहिल्या मोठ्या पवनचक्क्यांचा इतिहास यापेक्षा निराळा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी या पठारांवर शेकडो यंत्रे उभी राहिली. ती प्रामुख्याने बाहेरच्या गुंतवणूकदारांची होती. यंत्राच्या किमतीवर प्राप्तिकरात मिळणारी मोठी घसारा-सूट हे त्या गुंतवणुकीचे एक प्रमुख कारण होते. ही सूट २००२ पर्यंत पहिल्याच वर्षी १०० टक्के होती, नंतर ८० टक्के करण्यात आली व २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली. अशा मालकाचा बराच लाभ यंत्र उभे राहताच पदरात पडत असे. गावाच्या संस्थेस तसा लाभ नाही. तिला प्रत्येक रुपया युनिटांतूनच मिळवावयाचा आहे. त्यामुळे यंत्र दररोज चालते की नाही याविषयी तिची दक्षता कितीतरी अधिक असली पाहिजे.

५. सहकारी विजेचा जवळचा अनुभव

पवनचक्कीची सहकारी संस्था नवी असली तरी विजेची सहकारी संस्था मराठी मुलखास नवी नाही. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, त्या सुमारास देशात पाच पथदर्शी ग्रामीण वीज सहकारी संस्था काढण्यात आल्या. त्यांपैकी मुळा-प्रवरा ही संस्था गेवराईहून फार दूर नसलेल्या श्रीरामपूर भागात, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात होती. दुसरी हुक्केरी येथील संस्था बेळगाव या सीमाभागातील जिल्ह्यात आहे.

मुळा-प्रवरा संस्था वीज मंडळाकडून घाऊक वीज घेऊन खेडोपाडी शेतकऱ्यांना पुरवीत असे. सभासद शेतकरी, कार्यक्षेत्र साखर कारखानदारीमुळे सहकारात मुरलेले, आणि सुमारे चार दशकांचा अनुभव, असे सर्व काही अनुकूल होते. तथापि घाऊक विजेचे देणे थकत गेले, थकबाकीविषयी वाद वाढले आणि ३१ जानेवारी २०११ रोजी परवान्याची मुदत संपल्यावर वितरणाचे काम महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था मात्र आजही आपल्या तालुक्यात वीज पुरवीत आहे.

यातून घ्यावयाचा धडा असा की, सभासदांची संख्या व सहकाराची परंपरा या दोन्ही गोष्टी चांगल्या असल्या तरी तेवढ्याने संस्था तरत नाही. घेतलेल्या विजेची किंमत आणि सभासदाकडून येणारे पैसे यांत अंतर पडू लागले म्हणजे पहिल्याच वर्षी ते दिसले पाहिजे व दुसऱ्या वर्षी मिटले पाहिजे. सभासद हाच मालक असल्यामुळे ‘आपल्याच माणसाची बाकी’ मागण्याचा संकोच सहकारात फार होतो. बाकीदार हा संस्थेचा मालक असला तरी बाकी ती बाकीच, हा नियम उपविधीतच लिहून ठेवावा.

६. जमीन, रस्ता व गायरान

पवनचक्कीस मनोऱ्याच्या पायाइतकीच जागा लागते अशी समजूत आहे. वस्तुतः अवजड वाहनांस रस्ता, याऱ्या उभ्या करण्यास मोकळी जागा, तारांसाठी खांब व उपकेंद्र हे सर्व लागते. पायाची जागा एकाच्या शेतात येते, पण रस्ता दहा जणांच्या बांधावरून जातो. मोबदला एकालाच मिळाला व नुकसान दहांचे झाले, तर तंटा निश्चित उभा राहतो. यासाठी मोबदल्याचे दर रस्ता, खांब व पाया या तिन्हींसाठी आधी ठरवून ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

जमीन विकण्यापेक्षा भाडेपट्ट्याने देणे शेतकऱ्यास सहसा हिताचे असते, कारण सातबारावर त्याचे नाव कायम राहते. करारात भाड्याची वार्षिक वाढ लिहिलेली असावी. सौर कृषी वाहिनी योजनेत शासनाने हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे व दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर ठेवला, तो तुलनेसाठी समोर ठेवण्यास हरकत नाही. यंत्राचे आयुष्य साधारणतः २० ते २५ वर्षांचे असते. ते संपल्यावर मनोरा व जमिनीतील काँक्रीट कोणी काढावयाचे आणि त्यासाठी पैसा कोठून यावयाचा, हेही कलम करारात असलेच पाहिजे. वीस वर्षांनी शेताच्या मधोमध उरलेला पाया मुलाबाळांच्या नांगराला अडतो.

गायरानाविषयी विशेष काळजी घ्यावी. गायरान कागदोपत्री मोकळे दिसले तरी त्यावर मेंढपाळ, गुरे पाळणारे व भूमिहीन यांचा निर्वाह चालतो. ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचे म्हणणे सहसा ऐकले जात नाही. ग्रामसभेचा ठराव व जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी यांच्यावाचून गायरानास हात लावू नये.

७. भाग कोणी घ्यावयाचे व सभा केव्हा भरवावयाची

भागाची किंमत अशी ठेवावी की शेतमजुरालाही एक भाग घेता यावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये एका सभासदास एकच मत असते, मग त्याचे भाग कितीही असोत. हे तत्त्व भागभांडवल थोड्यांच्या हाती जाऊ लागले की कागदावरच उरते. महिला बचत गट, दूध संस्था व ग्रामपंचायत यांनाही भागधारक करून घेणे हितावह होय.

बीड जिल्ह्यापुरती एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. येथील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात ती थेट उन्हाळ्यात परततात. या काळात घेतलेली ग्रामसभा कायद्याने भरली तरी अर्ध्या गावाची नसते. भागविक्री, जमिनीचे ठराव व वार्षिक हिशेब यांच्या सभा ऊसतोड कुटुंबे गावात असतात त्या काळातच, म्हणजे पावसाळ्याच्या आगेमागे, घ्याव्यात. परत आल्यावर ‘आम्ही नसताना तुम्ही गाव गहाण टाकला’ असे म्हणण्याची वेळ कोणावर येऊ नये.

८. देखभाल व राखीव निधी

पवनचक्कीचे दाते असलेले गिअर, पाती, विजेची नियंत्रणे व रोहित्र हे सर्व कधी ना कधी नादुरुस्त होते. मोठी याऱी आणावयाची झाली तर तिचे भाडेच मोठे असते. डिसेंबरात यंत्र महिनाभर बंद राहिले तर तोटा बेताचा होतो, परंतु जुलैत बंद राहिले तर वर्षाचे गणित कोलमडते. म्हणून तपासणी व तेलपाणी यांची कामे मे अखेरपर्यंत पुरी झालीच पाहिजेत.

यंत्र पुरविणाऱ्याशी देखभालीचा करार करताना वर्षातून किती दिवस यंत्र चालण्याजोगे राहील याची हमी घ्यावी व ती न पाळल्यास भरपाईचे कलम घालावे. वीज पडणे, आग व यंत्र मोडणे यांचा विमा उतरवावा. गावातील दोन-तीन तरुणांना तंत्रनिकेतनातून किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकवून घ्यावे, म्हणजे लहानसहान बिघाडासाठी चार दिवस वाट पाहण्याची पाळी येत नाही.

सहकारी कायद्यानुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. परंतु हा निधी नफा झाला तरच वाढतो. दुरुस्तीसाठी विकलेल्या प्रत्येक युनिटामागे ठराविक पैसे नफा काढण्याच्या आधीच बाजूला काढण्याची पद्धत अधिक सुरक्षित आहे. बियाणे बाजूला काढूनच धान्य खावे, हे शेतकऱ्यास निराळे शिकवावयास नको. पहिल्या तीन-चार वर्षांत यंत्र नवे असते, खर्च कमी येतो व लाभांश वाढवून देण्याचा मोह पडतो. नेमका तोच काळ निधी उभा करण्याचा होय.

९. कायद्याच्या चौकटी

वीज अधिनियम, २००३ व त्याखालील २००५ चे नियम यांनुसार स्वतःच्या वापरासाठी वीज तयार करता येते. त्यासाठी वीज वापरणाऱ्यांकडे किमान २६ टक्के मालकी असावी लागते आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी वापरावी लागते. सहकारी संस्था असल्यास सभासदांनी मिळून या अटी पुऱ्या केल्या तरी चालते. ही सवलत गावांच्या दृष्टीने मोलाची आहे. २०२२ च्या हरित ऊर्जेविषयीच्या केंद्रीय नियमांनी दुसऱ्याच्या तारांवरून वीज नेण्यासाठी लागणारी भाराची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली.

तथापि तारा वापरण्याचे आकार, वहनातील घट व अधिभार हे सर्व युनिटाच्या किमतीतून वजा होतात. ज्या महिन्यात वीज तयार झाली त्याच महिन्यात ती वापरावी लागत असेल तर पावसाळ्यातील शिल्लक उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही. हे दर वीज नियामक आयोग वेळोवेळी ठरवीत असतो. म्हणून ठराव करण्यापूर्वी चालू दर महावितरणकडून लेखी घ्यावेत व कमाईचा हिशेब वजावटीनंतरच्या आकड्यावर करावा.

१०. गेवराई तालुक्यासाठी विचार

गेवराईचा बराच भाग नदीखोऱ्याचा असल्यामुळे चांगला वारा शेजारच्या पठारावर शोधावा लागेल हे उघड आहे. येथे ओडंतुराईचा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. खोऱ्यातील गावांकडे विजेची गरज, बाजारपेठ व कारखाने आहेत. पठारावरील गावांकडे वारा आहे, पण भांडवल थोडे. दोहोंनी मिळून एकच संस्था काढली, पठारावरील गावास केवळ जमिनीचे भाडे न देता भागधारक करून घेतले, तर दोघांचेही हित साधेल. सखल गावांनी पठारावर जाऊन बाहेरच्या गुंतवणूकदारासारखेच वागावयाचे ठरविले, तर ‘गावाची पवनचक्की’ हे नाव फसवे ठरेल.

प्रारंभ लहान असावा. पहिले वर्ष बिलांची मोजदाद, पट्टीची वसुली व वाऱ्याचे मापन यांत घालवावे. मध्यंतरी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर एखादा छोटा सौर संच बसवून नोंदी ठेवण्याचा सराव करता येईल. मापन निराशाजनक निघाले तर पवनचक्कीचा विचार सोडून सौर ऊर्जेकडे वळण्यात कमीपणा नाही. जमिनीचा कस पाहून पीक निवडावे, तसेच हे होय.

ग्रामसभेत विचारावयाचे प्रश्न

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ठरावापूर्वी पुढील प्रश्न ग्रामसभेत मोठ्याने वाचावेत व प्रत्येकाचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

१. कणाच्या उंचीजवळ वर्षभर वाऱ्याचे मापन झाले आहे काय? ते कोणी केले?

२. वर्षाला किती युनिट आपण वापरणार? ती कोणत्या बिलांत मिळविली जाणार?

३. अंदाजापेक्षा पाचव्या हिश्श्याने वीज कमी मिळाली तर हप्ता कोठून भरणार?

४. मनोऱ्याच्या आसपास राहणाऱ्यांपैकी किती कुटुंबे भागधारक आहेत?

५. रस्ता, खांब व पाया यांचे दर ठरले आहेत काय? गायरानावर कोणाचा निर्वाह चालतो?

६. ही सभा ऊसतोड कुटुंबे गावात असताना भरली आहे काय?

७. दर युनिटामागे दुरुस्ती निधीत किती पैसे जाणार? तो निधी कोणाच्या सह्यांनी काढता येणार?

८. दर महिन्याचे उत्पादन व जमाखर्च गावाच्या फलकावर कोण लिहिणार?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटला तरी त्यास सर्वांत अधिक महत्त्व द्यावे. ज्या गावात जुलै महिन्यात यंत्र किती दिवस चालले व किती पैसे आले हे चावडीवरील फळ्यावर खडूने लिहिले जाते, तेथे बिघाड लपत नाही, बाकी लपत नाही आणि अफवांस जागा राहत नाही. या आठ प्रश्नांची उत्तरे ज्या गावापाशी लेखी तयार असतील, त्याने पवनचक्कीचा विचार अवश्य पुढे न्यावा. ज्यापाशी नसतील त्याने ती मिळेपर्यंत थांबावे. वारा दरवर्षी ज्येष्ठात येणारच आहे.